पंचहौदचं चर्च कॅथोलिक आहे का, आणि तिथं पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गुरुवार पेठेत उंच मनोऱ्याचं चर्च आहे, लोक त्याला ‘पंचहौद’ म्हणतात. नावात कॅथेड्रल आहे म्हणजे ते कॅथोलिक का, पेठेत ते आलं कसं, वस्तीला त्याचा काय उपयोग झाला आणि घरात सांगतात त्याप्रमाणे पणजोबांचा बाप्तिस्मा तिथं झाला असेल तर नोंद कशी काढायची?

कॅथोलिक नाही, मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, मग पंथ कुठलाही असो. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रलही मूळचं अँग्लिकनच. पंचहौदच्या देवालयाचं नाव ‘होली नेम’, मराठीत ‘पवित्र नाम देवालय’. ‘देवालय’ हा शब्द ऐकून काहीजण चमकतात, पण जुन्या मराठी ख्रिस्ती बोलण्यात तो सहज येतो. काटेकोरपणे बोलायचं तर ते आता अँग्लिकनही राहिलेलं नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. त्यात अँग्लिकन होते, तसेच प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन वगैरेही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, म्हणून त्यांची चर्चेस आजही वेगळी दिसतात. तेव्हा १९७० आधीचे कागद शोधताना ‘अँग्लिकन’ किंवा ‘चर्च ऑफ इंडिया’ (अँग्लिकनांचंच तेव्हाचं नाव) आणि नंतरचे शोधताना ‘सीएनआय’ हे ध्यानात ठेवा. अर्धा गोंधळ इथेच मिटतो.

इतिहासात एक फरक कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. आपल्याकडे अँग्लिकन चर्चेस दोन तऱ्हेची. एक लष्करासाठी, कॅम्पात. पुण्याचं सेंट मेरीज त्यातलं. बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये त्याचं प्रतिष्ठापन केलं. अशा चर्चच्या भिंतींवर इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिला असतात. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये तर बाकांना बंदुका टेकवून ठेवायच्या खाचा आहेत, कारण १८५७ चा मेरठचा उठाव रविवारी संध्याकाळी, ऐन उपासनेच्या सुमारास भडकला होता. दुसरी तऱ्हा मिशनच्या चर्चची: वस्तीत, मराठी माणसांसाठी, मराठी उपासनेची. पंचहौद या दुसऱ्या तऱ्हेचं, आणि तेही कॅम्पात नव्हे तर थेट जुन्या शहरात. पूर्वीच्या वेताळ पेठेत, पाण्याच्या पाच हौदांवरून नाव पडलेल्या भागात. महात्मा फुल्यांचा वाडा तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे.

मिशन चालवलं ते ऑक्सफर्डजवळच्या कौली इथल्या संन्यस्त पाद्र्यांनी. त्यांचा संघ १८६६ चा. १८७० च्या दशकात ते मुंबई-पुण्याकडे आले. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर्स, म्हणजे संन्यस्त स्त्रिया, आल्या. चर्चचं प्रतिष्ठापन १८८५ चं. हे लोक अँग्लिकनांमधल्या ‘हाय चर्च’ वळणाचे: धूप, मेणबत्त्या, रंगीत झगे, वेदीला मान, पाद्रीही अविवाहित. बाहेरच्या माणसाला हे सगळं कॅथोलिक वाटतं. तुमचा गैरसमज त्यामुळे अगदीच निराधार नाही.

याच वर्तुळात नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे होते. काशीत वाढलेले चित्पावन पंडित, १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतलेले. पंडिता रमाबाईंवर त्यांच्या लिखाणाचा परिणाम झाला. रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वाँटेजच्या सिस्टर्सकडेच, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा तिथं झाला. ‘रमाबाईंचा बाप्तिस्मा पंचहौदला झाला’ असं कुणी सांगितलं तर ते चूक. धागा पंचहौदचा आहे, जागा वाँटेज.

पंचहौद महाराष्ट्रभर गाजलं ते मात्र चहामुळे. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं गेलं. त्यामागे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. रानडे, टिळक यांच्यासह बरीच मंडळी गेली. चहा-बिस्किटं समोर आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात घेऊन बाजूला ठेवला. पुढं नावांची यादी ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आली आणि मग कप ओठाला लागला की नाही यावर शहरात खल सुरू झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण काशीत घेतल्याचं सांगितलं. हेच ते ‘पंचहौद ग्रामण्य’, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण. मला यात चहापेक्षा पत्ता महत्त्वाचा वाटतो. कॅम्पातल्या बंगल्यावर कोण काय प्यालं हे पेठेला कळलं नसतं. हे घर पेठेतच होतं.

वस्तीच्या दृष्टीनं सगळ्यात टिकाऊ काम शाळांचं. मुलींसाठी सेंट हिल्डाज, मुलांसाठी एपिफनी. दोन्ही गुरुवार पेठेतच आहेत, आणि त्यात शिकलेल्यांत ख्रिस्ती नसलेले भरपूर. बाकी मंडळीचं जगणं कुठल्याही लहान चर्चसारखं: रविवारची उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ, नाताळात घरोघरी गाणी, आणि कुणी गेलं की पाळकसाहेबांना पहिला निरोप. कारभार पास्टोरेट कमिटी, म्हणजे चर्चची कारभारी समिती, बघते. जमिनीचे आणि मोठ्या दुरुस्तीचे निर्णय मात्र तिच्या एकटीच्या हातात नसतात. म्हणून गळतं छप्पर दिसत असूनही काम अडतं तेव्हा ‘कमिटी झोपलीय’ असं लगेच म्हणू नये.

तुम्ही मनोऱ्याचा उल्लेख केलाय म्हणून घंटांबद्दल दोन शब्द. त्यात आठ घंटा आहेत, प्रत्येकीचा सूर वेगळा. इंग्लिश पद्धतीत असा संच धून वाजवण्यासाठी नसतो, क्रम बदलत वाजवण्यासाठी असतो. प्रत्येक घंटेला एक लाकडी चाक, चाकाला दोर, एका दोराला एक माणूस. घंटा तोंड वर करून उभी केली जाते आणि दर ओढीला पूर्ण फेरा घेते. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. सगळे वाजवायचे तर जवळजवळ १८ तास. घंटा उलटी उभी राहावी म्हणून लाकडाचा एक टेकू असतो, तो मुद्दाम संचातला सगळ्यात कच्चा भाग ठेवतात. नवख्यानं जोरात ओढलं तर टेकू मोडतो, लोखंड किंवा घंटा नाही. मात्र टेकू मोडल्यावर दोर सरसर वर जातो आणि घट्ट धरून ठेवणारा माणूसही वर उचलला जातो. म्हणून पहिला धडा दोर सोडून द्यायचा. अंबाडी-तागाचा दोर पावसाळ्यात दमट होऊन आखडतो, तेव्हा गाठ पुन्हा बांधून लांबी जुळवावी लागते. माणसं कमी पडली की लोलकालाच दोरी बांधून ओढायचा मोह होतो, तो वाईट: लोलक घंटेच्या काशाला चिकटून राहतो, घंटेला मोकळेपणी कंप पावता येत नाही आणि कालांतरानं चीर जाते. चीर गेलेल्या घंटेला सूर परत आणणं फार अवघड आणि खर्चिक.

आता नोंद. मूळ बाप्तिस्मा रजिस्टर चर्चकडेच असतं, सरकारकडे नाही. ‘पणजोबांची नोंद द्या’ एवढंच सांगितलं तर कुणालाही काही सापडणार नाही, कारण रजिस्टर तारखेनं लावलेलं असतं, आडनावानं नाही. आधी वर्ष पाच-सहा वर्षांच्या टप्प्यात आणा: शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, कबरीवरचा दगड, जुन्या बायबलच्या पहिल्या पानावरची शाई. मग चर्चच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या. त्यात बाप्तिस्म्याचं नाव, त्याआधीचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि वर्षांचा टप्पा लिहा. मोठेपणी ख्रिस्ती झालेल्या माणसाचं नाव बदललेलं असू शकतं आणि आडनावाच्या जागी नुसतं वडिलांचं नाव असू शकतं. रोमन लिपीत तर एकच आडनाव तीन पाद्र्यांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. म्हणून डोळ्यांनी वाचत जा, एका स्पेलिंगवर अडू नका.

तिथं नसेल तर लग्नाची नोंद बघा. ती १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होते आणि तिची प्रत सरकारी निबंधकाकडेही जाते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या चर्च नोंदींच्या नकला ‘एन/३’ या मालिकेत आहेत, साधारण १९४८ पर्यंतच्या. पण त्यात युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नावांचा भरणा. मराठी मिशनच्या माणसासाठी तिथून सुरुवात करू नका.

शेवटचं, कारण हा प्रश्न बहुतेकदा यासाठीच विचारला जातो: जातीच्या दाखल्यासाठी हवं असेल तर बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सगळी भिस्त ठेवू नका. त्यावर जात सहसा नसते. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसी धरतात, आणि पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जास्त उपयोगी. बाप्तिस्म्याचा दाखला त्याच्या जोडीला ठेवा, म्हणजे धर्म आणि वंशावळ जुळते. दोन्ही कागदांवरचं नाव वेगळं निघालं तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या. पडताळणीच्या वेळी फाईल बहुधा तिथेच अडते.