वांगी भाजायला घेतली की जीव घाबरतो

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यात जळीत कक्षात स्टाफ नर्स आहे. दिवाळीत एक तरुण बाई दाखल झाली होती. तिचं ड्रेसिंग मीच करायचे. ती वाचली नाही. परवा सासूबाईंनी भरितासाठी वांगी भाजायला घेतली आणि त्या वासाने मी घराबाहेर पळाले. रात्री दचकून जाग येते. सगळे म्हणतात, पॉझिटिव्ह राहा. नोकरी सोडू का?

उत्तर : सिस्टर, झोप उडालेली असताना नोकरीचा निर्णय घेऊ नका.

याला दुय्यम आघाताचा ताण म्हणतात. आघात पेशंटवर होतो, पण रोज तो जवळून बघणाऱ्याच्या मनावरही वळ उठतात. चार्ल्स फिग्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये यावर पुस्तक काढलं. कामाचा शीण हळूहळू साचतो, रजा मिळाली की बराचसा उतरतो. हा ताण एखाद्या केसनंतर एकदम धरतो आणि रजेवर माहेरी गेलात तरी पाठ सोडत नाही. वासाची वाट मेंदूतल्या भीतीच्या भागाकडे फार थेट जाते. म्हणून जळक्या सालीचा वास येताच विचाराआधी पाय पळतात. तुम्ही कच्च्या मनाच्या आहात असं मुळीच नाही.

‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याचा मला राग येतो. आशावादी कर्मचाऱ्यांत हा त्रास कमी आढळतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ज्याला त्रास कमी, त्याला आशाही सहज राहते. नुसतं सांगून ती येत नाही, तिला खाद्य लागतं. तुम्हाला पेशंट दिसतो तो सगळ्यात वाईट अवस्थेत. बरा होऊन शिरपूरला, शहाद्याला गेलेला पुढे कसा आहे, हे तुमच्यापर्यंत पोचतच नाही. इन्चार्ज सिस्टरांना सांगून फेरतपासणीच्या ड्रेसिंगला अधूनमधून ड्युटी मागून घ्या. आखडलेली बोटं व्यायामाने सुटून पुन्हा भाकरी थापायला लागलेली बाई तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवी. हे मी फार आग्रहाने सांगतेय.

त्या बाईबद्दल शिफ्टमधल्या विश्वासाच्या मैत्रिणीशी बोला, जेवढं बोलवेल तेवढंच. कुणी बळेच सगळं वदवून घेत असेल तर नाही म्हणा, त्याने त्रास वाढूही शकतो.

महिना उलटूनही दचकणं राहिलं, किंवा ड्रेसिंग करताना हात थांबू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. यावर उपचार आहेत. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं आणि रात्रपाळीतही लावता येतो.