मुलीच्या बाळंतपणाच्या तोंडावर व्याही आणि विहीणबाई मिशनवर निघाले असतील, तर त्यांना थांबवावे का?

आपण विचारले आहे की, सॉल्ट लेक सिटीत राहणारे आपले व्याही आणि विहीणबाई, मुलीचे पहिले बाळंतपण चार महिन्यांवर आलेले असताना, मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चर्चतर्फे १८ महिन्यांसाठी मिशनवर, म्हणजे चर्चच्या सेवेसाठी, परदेशी निघाले आहेत; चर्च त्यांना पैसे देते का, मध्येच परत येता येते का, आणि आपण त्यांना थांबण्याची गळ घालावी का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: मुळीच घालू नये.

पैशांचे उत्तर सोपे आहे. पगार मिळत नाही. राहण्याखाण्याचा खर्च जोडपे स्वतःच्या साठवणीतून करते, फक्त घरभाड्याच्या त्यांच्या वाट्याला २०११ पासून चर्चने वरची मर्यादा घालून दिली आहे. इथे युटा राज्यातले आमचे सख्खे शेजारी असेच फिलिपिन्समधील सेबूला गेले होते. ते निवृत्त दंतवैद्य, त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि पदरी इतकी नातवंडे की रविवारी त्यांच्या दारात गाड्या लावायला जागा उरत नसे. लोकांना वाटते की ही म्हातारी माणसे दारोदार हिंडून धर्मप्रसार करतात, परंतु ते काम मुख्यतः अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींचे असते. वयस्क जोडप्यांकडे बहुधा कार्यालय, मदतकार्य, जुन्या वंशनोंदींचे जतन किंवा तरुण मिशनऱ्यांची देखभाल अशी कामे येतात. आमच्या शेजाऱ्यांकडे त्या मुलांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या आणि मिशनची वाहने यांची जबाबदारी होती. म्हणजे एकाने गळके नळ दुरुस्त करवून घ्यायचे आणि दुसरीने, ज्यांनी घरी कधी स्वतःचे ताट उचलले नव्हते अशा मुलांचे फ्रिज उघडून नाक मुरडायचे.

त्यांनी निघण्यापूर्वी आम्हाला जेवायला बोलावले, तेव्हा पुण्याहून माझा दादा आमच्याकडे आलेला होता. तो इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे मिशनरी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे १८१३ मध्ये मुंबईत आलेला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल उभा राहतो, जो मायदेशी कधी परतलाच नाही आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने गेला. हे दोघे दीड वर्षाने परत येणार, घर भाच्याला राहायला देऊन जाणार, आणि त्याबद्दल कोणी त्यांना एक डॉलरही देणार नाही, हे ऐकल्यावर त्याने सर्वांसमक्ष मराठीत मला सांगितले की, या लोकांना मायाच नसते. शेजारीणबाईंना शब्द कळले नसावेत, पण सूर नक्कीच कळला, कारण त्यांनी काही न बोलता त्याच्या ताटात चीज घातलेले बटाटे आणखी वाढले.

घरी आल्यावर आमचे जे भांडण झाले ते शेजाऱ्यांवरून झालेच नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात मी पुण्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता, आणि तेव्हापासून घर सोडून गेलेला प्रत्येक माणूस दादाच्या लेखी आरोपी आहे. मी त्याला विचारले की, तुझ्या शाळेतले एक सहकारी पत्नीसह नर्मदा परिक्रमेला पायी निघाले, तेव्हा हार घालून त्यांच्या पाया पडणाऱ्यांत तू होतास की नाही? त्यांच्या सुनेचेही दिवस भरत आले होते. त्यांच्याकडे तर फोनही बंद असे. त्या जाण्याला वैराग्य म्हणायचे आणि या जाण्याला निर्दयपणा, हा न्याय मला आजही मान्य नाही. निवृत्त आईवडील म्हणजे बिनपगारी पाळणाघर, ही आपली समजूत इतकी घट्ट आहे की त्यांना स्वतःचे काही काम असू शकते हे आपल्या गावीही नसते.

मध्येच येण्याविषयी सांगायचे, तर वयस्क जोडप्यांना तरुणांपेक्षा बरीच मोकळीक असते. शेजाऱ्यांच्या मधल्या मुलीला त्याच काळात बाळ झाले. मिशनच्या प्रमुखांची परवानगी काढून आणि तिकिटाचे पैसे स्वतः भरून ते दोघे थोड्या दिवसांसाठी येऊन गेले. एरवी युटात रविवारची संध्याकाळ आणि सेबूत सोमवारची सकाळ असे गणित जमवून नातवंडांशी व्हिडिओ कॉल होत. तो कॉल आमच्या अंगणापर्यंत ऐकू येई.

यावरून मी त्या चर्चची प्रचारक आहे असे समजू नये. धर्मांतराला माझा विरोध आहे, आणि फ्रिज तपासणारी आजीदेखील शेवटी त्याच यंत्रणेचा भाग असते हे मला दिसते. निवृत्त जोडप्यांनी मिशनवर जावे असे चर्चचे नेते व्यासपीठावरून वारंवार सांगतात, त्यामुळे काहींना नाही म्हणणे जड जात असणार. प्रकृतीचा प्रश्नही आहे: निवृत्तांचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, अमेरिकेबाहेर साधारणतः उपयोगी पडत नाही, तेव्हा परदेशासाठी वेगळा विमा घेतला आहे ना, एवढे जावयाकडून जरूर विचारून घ्यावे. तसेच मुलीच्या गरोदरपणात डॉक्टरांनी खरोखर धोका सांगितला असेल, तर माझे वरचे ठाम मत बाजूला ठेवून जावयाने स्वतः आईवडिलांशी बोलावे. आपण मध्ये पडू नये.

बाळंतपणाला आपण जावे. पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, नेमकी मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. व्हिसा नसेल तर अर्ज आजच करावा, कारण मुलाखतीच्या तारखेला फार वेळ लागू शकतो. डिंकाचे लाडू न्यायचे असतील, तर सामानात खाद्यपदार्थ आहेत असे विमानतळावर प्रामाणिकपणे सांगावे.