आई-बाबांना घेऊन शिकागोहून स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क एका दिवसात होईल का?

होईल. सकाळी आठच्या आत निघा, दीड-पावणेदोन तासांचा रस्ता आहे. आय-८० वरून ८१ नंबरची एक्झिट, युटिका गाव, नदीवरचा पूल, की आलंच. प्रवेश फुकट. एवढं तुम्हाला नकाशाही सांगेल. मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. तुम्ही विचारलंय, "आई-बाबांना लॉजवर बसवून आम्ही पाच-सहा कॅन्यन (घळी) उरकून आलो तर चालेल ना?"

नाही चालणार.

आमच्याकडे नेमकं हेच झालंय. सासू-सासरे पुण्याहून आले होते आणि ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही दोन गाड्या काढून निघालो. बेत सगळा माझ्या थोरल्या दिरांचा. भाऊजींचे बेत एक्सेलमध्ये असतात. फ्रेंच कॅन्यनला इतकी मिनिटं, वाइल्डकॅटला इतकी, मग लासाल, मग जेवण. आई-बाबांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, "लॉज". म्हणजे वऱ्हांड्यात बसा, नदी बघा आणि पुरी-भाजीच्या डब्यांवर लक्ष ठेवा. का, तर "त्यांना झेपणार नाही". त्यांना विचारलं होतं? छे! बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, उभी नोकरी साइटवर उन्हात काढलेली. आईंचे गुडघे दुखतात, पण त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पर्वती चढतात, सावकाश, कठडा धरून.

भाऊजी पोरांना घेऊन पुढे गेले. मागोमाग बाबा खुर्चीतून उठले. "ज्याच्यावरून नाव पडलं तो खडक कुठंय गं?"

खडक जवळच आहे. नदीच्या काठावर १२५ फूट उभा सुळका, वर जायला लाकडी जिना आणि फळ्यांची वाट. आम्ही तिघं निघालो. आई वळणावळणावर थांबत होत्या, बाबा थांबायचं निमित्त म्हणून दगड तपासत होते. एका ठिकाणी त्यांनी अंगठा घासला आणि बोट मला दाखवलं. पिठासारखी बारीक, पांढरी रेती. "हा काय दगड म्हणायचा?" सह्याद्रीचा काळा पत्थर फोडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सेंट पीटर सँडस्टोन, म्हणजे इथला वालुकाश्म, पसंत पडणं अवघडच. शेजारच्या ऑटवा भागातली हीच रेती काचेसाठी जाते असं सांगितल्यावर थोडे नरमले.

वर पोचल्यावर मी त्यांना कथा सांगितली. १७६९ मध्ये पाँटियॅक या ऑटवा सरदाराचा खून झाला, त्याचा सूड म्हणून ऑटवा आणि पोटावाटोमी लोकांनी इलिनी टोळीला या खडकावर कोंडलं. वरचे लोक दोरीला भांडी बांधून नदीतून पाणी शेंदायचे, तर खालचे ती दोरी कापायचे. शेवटी सगळे उपाशी मेले, म्हणून हे नाव. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून छातीठोक कुणी सांगत नाही. फ्रेंचांनी मात्र १६८२-८३ च्या हिवाळ्यात याच माथ्यावर खरोखर किल्ला बांधला होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकं कुठंय?"

"कसलं टाकं?"

"पाण्याचं. गडावर टाकं नाही म्हणजे काय? इतका मऊ दगड, चार दिवसांत खोदून झालं असतं."

त्यावर आई, धापा टाकत, "आणि त्या रेताडात पाणी ठरलं असतं का?"

बाबांकडे उत्तर नव्हतं. मग त्यांना खालचं लॉक, म्हणजे धरणाच्या पातळीवरून बोटी वर-खाली करायचं दारांचं कुंड, दिसलं आणि आमचा उरलेला वेळ तिथेच गेला. धरणाशेजारी ६०० फुटांचं कुंड. बार्जांचा, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींचा, लांबलचक ताफा आला की तो तोडून दोन खेपांत काढावा लागतो. पाणी उतरतं, दार उघडतं, बार्ज पुढे सरकतो. बाबा कठड्याला रेलून सगळं धावतं वर्णन करत होते, शेजारी उभ्या एका अमेरिकन आजोबांनाही, मराठीत.

भाऊजी परतले ते वैतागूनच. लासालला नुसती धार गळत होती, पोरांना डास फोडून गेले होते. आई-बाबा वर जाऊन आले हे कळल्यावर मलाच ऐकवलं, "काही झालं असतं तर?" हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे, दर दिवाळीच्या फोनवर निघतो. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: सत्तरीच्या माणसाला थांबत थांबत चढू द्या, नको वाटलं तर तोच सांगेल. जेवण झाल्यावर मी आईंना विचारूनच रूट ७१ वरच्या पार्किंगला घेऊन गेले. तिथून काउन्सिल ओव्हरहँग जवळ, वाट बरीचशी सपाट. केवढी मोठी कपार, आत गारवा. पुढे ऑटवा आणि कॅस्कॅस्किया कॅन्यन, दोन्ही लागून. आई म्हणाल्या, शिवथरघळीची आठवण झाली. या घळी एक्सेलमध्ये नव्हत्याच.

तेव्हा तुमच्यासाठी: व्हिजिटर सेंटरपासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. गुडघे फार दुखत असतील तर थेट रूट ७१ ची बाजू धरा. फ्रेंच कॅन्यन अंतराने जवळ आहे, पण आत शिरताना ओल्या घसरड्या दगडातल्या खोबणीत पाय रोवत चढावं लागतं. तिथे मी आईंना नेलं नाही, नेणारही नाही. नदीपलीकडे लॉकपाशी आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं (अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागाचं) पाहुण्यांसाठीचं केंद्र आहे, बार्ज तिथून अगदी जवळून दिसतात आणि चढ नाही. वडील इंजिनिअर असतील तर दुसरं काही नाही दाखवलंत तरी चालेल.

आणि हो, हृदयाचा त्रास, चक्कर वगैरे असेल तर माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. कडेला कठडा नाही तिथे वाट सोडू नका, तिथून पडून माणसं गेलेली आहेत. सुट्टीच्या दिवशी पार्किंग भरलं की गाड्या परत पाठवतात.

धबधब्यांचं राहिलंच. बर्फ वितळताना आणि पावसानंतर ते वाहतात. सेंट लुई, फ्रेंच आणि लासाल त्यातल्या त्यात जास्त टिकतात. म्हणजे मार्च-एप्रिल चांगला. पण आपले आई-बाबा थंडी संपल्याशिवाय विमानात बसत नाहीत. मग जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी निघा आणि चिखलाचे बूट ठेवायला डिकीत जुनी चादर टाका.