बीएस्सी फिजिक्सला गणित सोडायच्या आधी

"गणित जड जातंय, फिजिक्सबरोबर दुसरा सोपा विषय घेऊ का? ऑफिसात म्हणाले, काही फरक पडत नाही." तुझ्या पोस्टमधलं हे वाचून राहवलं नाही. फरक पडतो. याच उत्तराने माझं एक वर्ष खाल्लंय. कॉलेजचं नाव घेत नाही, पण खिडकीमागचा माणूस तुझी फी घेतो, पुढच्या एमएस्सीची पात्रता वाचत नाही.

एमएस्सी प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचा पेपर फेब्रुवारीत असतो आणि तो देता येतो. घोळ होतो प्रवेशाच्या वेळी. बऱ्याच संस्था पदवीला गणित किती सेमिस्टर होतं ते बघतात. रँक असून जागा हातची जाते. म्हणून आजच तीन-चार संस्थांची यंदाची माहितीपत्रकं उतरव आणि पात्रतेतली गणिताची ओळ तुझ्या क्रेडिटशी ताडून बघ. फिजिक्सच्या खात्यातला 'मॅथेमॅटिकल मेथड्स' गणितात धरतील असं गृहीत धरू नकोस. ईमेलने विचार, उत्तर जपून ठेव. कॉलेजकडेही अर्ज लेखीच दे, पोच घे. तोंडी उत्तराला पुढे कुणी वाली नसतो.

(नियम दरवर्षी बदलतात आणि मी कुठल्या प्रवेश समितीवर नाही.)

आणि नियम राहू देत, गणिताशिवाय फिजिक्स उरतं काय? साधा दोलक घे. एक मीटर दोरा, एका आंदोलनाला साधारण 2 सेकंद. स्टॉपवॉच दाबण्यात 0.2 सेकंद इकडेतिकडे झाले तर वेळेत 10 टक्के चूक, आणि त्यावरून काढायच्या g मध्ये (गुरुत्वीय त्वरणात) वेळेचा वर्ग असल्यामुळे 20 टक्के. वीस आंदोलनं मोजली की तीच चूक g मध्ये 1 टक्क्यावर येते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न घेता हुकापर्यंतच घेतली, तरी लांबी (L) बदलत एका आंदोलनाच्या वेळेचा (T) वर्ग आणि L चा आलेख काढ: रेषा शून्यातून जाणार नाही, पण चढावरून g बरोबर येईल. जर्नल उतरवून काढणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. माझ्या मते फिजिक्स म्हणजे हेच, चूक कुठून आली ते आकड्यात सांगता येणं.

"मास्तरच होशील" म्हणणाऱ्या काकांना सांग, कॅन्सर रुग्णालयात किरणोपचाराचा डोस मोजणारा मेडिकल फिजिसिस्ट असतो. त्याला एमएस्सी फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि इंटर्नशिप लागते. पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनची मॉडेलं चालतात, तिथेही फिजिक्सवाले आहेत. संशोधनच करायचं तर आयसर, आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र) या संस्था पुण्यातच आहेत. पायथॉन मात्र पहिल्या वर्षापासून शीक. सोल्डरिंगही.

जाता जाता: 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. नारायणगावपर्यंत एसटी मिळते. काकांनाही घेऊन जा.