पिशवीत जिवंत, मग तळ्यात का मेली?

प्रश्न (मुरबाड तालुका): बेडूकपालनाच्या व्हिडिओत ऐकलं की हाताळणीनं आणि प्रवासानं बेडकाचं रक्त बिघडतं. मी शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडली. आणताना पिशवीत एकही मेली नव्हती, पण तिसऱ्या दिवसापासून काठाला मेलेली लागू लागली. हा तोच प्रकार का? आणि बेडूक पाळू का?

उत्तर: बेडकांचं आधी मिटवू. ते व्हिडिओ बहुतेक ब्राझील, तैवान, थायलंडचे असतात. आपला मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ पासून बंद आहे. त्या नादाला लागू नका.

माशांबद्दलचा तुमचा अंदाज मात्र बरोबर वाटतो. जाळ्यात धरलं, दाटीवाटीनं कोंबलं की जनावर घाबरतं. बेडकात कॉर्टिकोस्टेरॉन, माशात कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात. रक्तातली साखर चढते, रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी रक्तात कमी होतात. शिवाय गोड्या पाण्यात कल्ल्यांवाटे रक्तातलं मीठ झिरपून जातं. मासा पोहताना दिसतो, पण आतून खचलेला असतो. त्यात जाळ्यानं अंगावरची बुळबुळ खरवडली की बुरशीला वाटच मोकळी.

म्हणून मत्स्यबीज घेतानाच विचारा, आदल्या दिवशी खाद्य बंद होतं का? भरल्या पोटाची बोटुकली पिशवीतच घाण करते आणि अमोनिया वाढतो. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन हवा. वाहतुकीच्या पाण्यात लिटरला २-३ ग्रॅम साधं खडेमीठ चालतं. निघा पहाटे. दुपारी शिळफाट्याच्या कोंडीत टेम्पो अडकला, तर वरच्या ताडपत्रीखाली पाणी चांगलंच तापतं.

आता खरी चूक होते ती तळ्यावर. गाडी आली की घाईत पिशवी फोडून ओततात, नाहीतर तोंड सोडून फोटो काढत बसतात. बंद पिशवी १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या, पाण्याचं तापमान जुळू द्या. तोंड उघडलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. तेव्हा उघडल्यावर थोडं-थोडं तळ्याचं पाणी आत घाला, पिशवी आडवी करा आणि बोटुकली आपणहून बाहेर पडू द्या. हात घालायचाच झाला तर ओला करून.

पहिल्या दिवशी खाद्य टाकू नका. मेलेली रोज काढा आणि मोजा. आठवडाभरातही मरतूक थांबली नाही, तर तळ्याच्या पाण्याचा नमुना घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. शेततळं आमच्या कृषी खात्याचं, मासे त्यांचे.