दूरच्या महासागरी ग्रहांवर जीवसृष्टी असू शकेल का?

शक्यता आहे, पण नुसतं पाणी असून भागत नाही. जीवांना फॉस्फरस, लोह अशी मूलद्रव्यं लागतात आणि ती खडकांतून पाण्यात उतरतात. महासागर शेकडो किलोमीटर खोल असेल तर तळाशी प्रचंड दाबामुळे पाण्याचं बर्फ होतं, तेही गरम असताना! हा थर खडक आणि पाण्याच्या मध्ये येतो. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

१२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात जेम्स वेब दुर्बिणीला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले. मात्र तिथे महासागर आहे हेच अजून सिद्ध झालेलं नाही. मला जास्त आशा वाटते ती शनीच्या एन्सेलाडस या चंद्राकडून. तिथला समुद्र बर्फाखाली असला तरी तळ खडकाळ आहे, आणि बर्फाच्या भेगांतून बाहेर उडणाऱ्या फवाऱ्यांतल्या बर्फकणांत फॉस्फेटही (फॉस्फरसचं संयुग) मिळालंय.