वाचकांचे प्रश्न : पूर्ण थ्रॉटलवर दमणारी स्नोमोबाइल

प्रश्न : माझ्याकडे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आणि दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवेचे मिश्रण इंजिनाला देणारे भाग) असलेली जुनी स्नोमोबाइल आहे. दोरी दोन-तीनदा ओढली की ती सुरू होते आणि अर्ध्या थ्रॉटलपर्यंत तक्रारीला जागा ठेवत नाही. मोकळ्या बर्फावर थ्रॉटल पूर्ण दाबला की पहिले अर्धा मिनिट टॅकोमीटरचा (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा) काटा नेहमीप्रमाणे ८००० वर असतो. मग मात्र तो हळूहळू ६००० च्या खाली घसरतो. काही सेकंद सावकाश चालवले की ताकद परत येते आणि पुन्हा तोच प्रकार होतो. प्लग नवे घातले, फरक पडला नाही. एका मेकॅनिकने पिस्टन आणि रिंगा बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

उत्तर : इतक्यात मानू नये. आपल्या पत्रात निदानाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी तपशील ‘पहिले अर्धा मिनिट’ हा आहे. रिंगा झिजल्या असत्या तर इंजिन पहिल्या सेकंदापासूनच कमी पडले असते आणि थंडीत सुरू होतानाही त्याने त्रास दिला असता; झिजलेली रिंग अर्धा मिनिट चांगली आणि नंतर वाईट अशी वागत नाही. काही इंजिनांत धूर बाहेर जाण्याच्या मार्गावर झडपा असतात आणि त्या काजळीने अडकल्या तरी इंजिन वरच्या फेऱ्यांना पोहोचत नाही, परंतु तो दोषही सुरुवातीपासूनच जाणवतो.

आधी चांगले चालून नंतर दमणारे आणि थोडी उसंत मिळताच सावरणारे इंजिन बहुधा पेट्रोलला मुकलेले असते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलचा साठा अगदी थोडा असतो. अर्ध्या थ्रॉटलवर पंप तो भरत राहतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र खर्च पुरवठ्यापेक्षा वाढला की चेंबरमधील पातळी उतरत जाते, मेन जेटला (पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला) पुरेसे पेट्रोल मिळेनासे होते आणि मिश्रण विरळ होऊन ताकद घटते. आपण वेग कमी करता तेव्हा चेंबर पुन्हा भरतो. म्हणूनच एक ताकीद आधी द्यायला हवी : दोष सापडेपर्यंत, खाली सांगितलेल्या चाचण्यांपुरता थोडा वेळ सोडल्यास, पूर्ण थ्रॉटल देऊ नये. विरळ मिश्रणावर ज्वलनाची उष्णता वाढते, टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला भोक पडू शकते किंवा तो सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो, आणि मग आज अनाठायी असलेला मेकॅनिकचा सल्ला खरोखरच अमलात आणावा लागतो.

शोध टाकीपासून सुरू करावा. पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत हवा शिरण्यासाठी एक बारीक नळी असते. ती हँडलजवळ चेपली गेली किंवा तिच्यात बर्फ धरला की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. ताकद उतरताच थांबून, इंजिन बंद करून टाकीचे झाकण सैल करावे. आत हवा शोषली गेल्याचा आवाज आला तर बहुतेक शोध तिथेच संपला. आवाज आला नाही तर टाकीच्या आतील गाळणी आणि तिला जोडलेली नळी बाहेर काढून पाहावी. जुनी नळी चिरली असेल तर टाकी भरलेली असताना काही कळत नाही, पण पातळी चिरेच्या खाली गेली की ती पेट्रोलऐवजी हवा ओढते. गाळणीत पाणी साचून गोठले असले तरी परिणाम तोच होतो.

त्यानंतर पंप. या यंत्रांतील साधा पंप विजेवर चालत नाही. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातील) दाब चढतो-उतरतो आणि एका नळीतून येणाऱ्या त्या स्पंदनांवर पंपाचा पडदा हलतो. ही नळी कडक होऊन तडकली किंवा पडदा ताठरला तर पंप मंद वेगात काम भागवतो आणि नेमका पूर्ण थ्रॉटलवर उणा पडतो. नळी सोडून पाहिल्यावर तिच्यात पेट्रोल आढळले तर पडदा फाटला आहे असे समजावे. पंप उघडल्यावर पडदे नवेच घालावेत. जुने पुसून परत बसवण्याची काटकसर मला तरी कधी पटलेली नाही.

नवे प्लग घातले आहेत तर त्यांचा आणखी एक उपयोग आहे. ताकद उतरू लागताच थ्रॉटल न सोडता बटणाने इंजिन बंद करावे आणि थांबल्यावर दोन्ही प्लग काढून पाहावेत. दोन्हींची चिनी माती पांढरीफटक असेल तर दोष टाकी, गाळणी किंवा पंप अशा सामाईक ठिकाणी आहे. एकच पांढरी आणि दुसरी फिकट तपकिरी असेल तर पांढऱ्या प्लगच्या बाजूच्या कार्ब्युरेटरची सुई, मेन जेट किंवा त्याला इंजिनाशी जोडणारा रबरी भाग तपासावा. दोन्ही प्लग काळे आणि ओलसर निघाले तर माझा अंदाज चुकला. मग हवेच्या वाटेवर बारीक बर्फ साचला आहे का ते पाहावे.

एक शंका उरते. दमट हवेत, तापमान शून्याच्या आसपास असताना कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो आणि लक्षणे बरीचशी अशीच दिसतात. मात्र तो बर्फ काही सेकंदांत जात नाही. यंत्र थांबवून इंजिनाच्या उष्णतेने तो वितळण्यास काही मिनिटे लागतात.

मनाच्या समाधानासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब निर्माण करतो ते, जरूर मोजावे. इंजिन गरम असताना दोन्ही प्लग काढून, त्यांच्या वायरी अर्थ करून (इंजिनाच्या धातूला जोडून) आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, मापकाचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी. नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतलाच धरावा, पण दोन सिलिंडरांतील फरक १० टक्क्यांहून अधिक नसेल तर इंजिन उघडण्याची घाई करू नये.

प्रश्न : टॅकोमीटर पूर्ण आकडा दाखवतो, किंबहुना नेहमीपेक्षा थोडा जास्तच, पण वेग मात्र येत नाही आणि जळका वास येतो. इंजिनाची ताकद कमी झाली आहे का?

उत्तर : नाही. फेरे पूर्ण येत असतील तर इंजिन आपले काम करत आहे. ती ताकद ट्रॅकपर्यंत, म्हणजे गाडीखाली बर्फावर फिरणाऱ्या रुंद पट्ट्यापर्यंत, पोहोचत नाही. इंजिनाची ताकद पुढे नेणारा क्लचचा पट्टा घसरतो आहे. तो काढून त्याची रुंदी मोजावी आणि पुस्तिकेतील किमान मापाशी ताडून पाहावी. कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर माप ठीक असले तरी पट्टा बदलावा. नवा पट्टा बसवण्यापूर्वी दोन्ही क्लचच्या तबकड्या स्वच्छ पुसाव्यात आणि ट्रॅक हाताने फिरवून तो अती ताणलेला, बर्फाने जखडलेला किंवा ब्रेकला घासणारा नाही याची खात्री करावी, अन्यथा नवा पट्टाही लवकरच जळेल. पहिले सुमारे ५० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल टाळावा.